तिसऱ्या गिअरमध्ये चढलेला बायपास

मागे डिकी आहे एवढ्या एकाच कारणासाठी मी ही गाडी घेतली. डिकीवाली गाडी म्हणजे मोठी गाडी, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. आम्ही ठाण्यात टेंभी नाक्याजवळ दोन खोल्यांत वाढलो. गल्लीत कुणाकडे पाहुण्यांची डिकीवाली गाडी आली की आम्ही पोरं तिच्याभोवती फेऱ्या मारायचो. त्यामुळे पन्नाशीला टेकल्यावर, डोंबिवलीत संसार मांडून वीसेक वर्षं झाल्यावर, मी ती हौस भागवली. होते तेवढ्या पैशात डिकी आली. इंजिन मात्र बेताचंच आलं. त्यात पेट्रोल परवडायचं नाही म्हणून सीएनजीवाली घेतली आणि सीएनजीची टाकी नेमकी डिकीत बसली. म्हणजे जिच्यासाठी गाडी घेतली, ती डिकी पहिल्या दिवसापासून भरलेली. उरलेल्या जागेत एक छत्री आणि दोन नारळ मावतात.

सपाट रस्त्यावर गाडी गुणी आहे. मी एकटा असलो, वारा मागून असला आणि मला कुठेही वेळेवर पोचायचं नसलं, तर तिच्यासारखी दुसरी गाडी नाही. साठच्या पुढे गेली की इंजिनातून चटणी वाटत असल्यासारखा आवाज येतो. चार माणसं बसली की ती विचारात पडते. उड्डाणपुलाच्या पायथ्याशी एसी बंद करावा लागतो. बायकोला याची इतकी सवय झालीय की पूल दिसला की तीच हात पुढे करून बटण दाबते, रस्त्यात देऊळ लागलं की लोकांचा हात कपाळाला जातो तसा. रंग पांढरा. स्टेशनबाहेर उभा राहिलो की निदान एक तरी माणूस मागचं दार उघडून आत बसतो आणि मला ओटीपी सांगतो. एकदा तर एका बाईंना मी मानपाड्यापर्यंत सोडून आलो. उतरा म्हणायचं धैर्य झालं नाही.

हे सगळे किस्से मी लोकांना रंगवून सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. एक किस्सा मात्र मी चार वर्षं सांगितलेला नाही. म्हणजे सांगितला, पण चुकीचा.

त्याआधी सीएनजी पंपाची रीत सांगायला हवी. पेट्रोलच्या गाडीत माणसं बसून राहतात. सीएनजीच्या गाडीतून सगळ्यांना उतरावं लागतं. म्हातारं असो, पेंगुळलेलं पोर असो, नऊवारी नेसलेली मावशी असो, पंपाच्या अलीकडे सगळे खाली. मोबाईल वापरायचा नाही. गॅस भरून झाला की गाडी जरा पुढे घ्यायची, मग मंडळी परत आत. आमच्याकडे कुठल्याही लग्नकार्याला निघालं की निम्म्या वाटेवर अख्खं कुटुंब पंपाच्या कडेला रांगेत उभं असतं, फोटो काढायला उभं केल्यासारखं.

आता ताई. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यानंतर मला आणि धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. का केलं नाही हे आम्ही विचारलं नाही आणि त्याचं खरं उत्तर आम्हाला ठाऊक होतं. टेंभी नाक्याच्या त्याच दोन खोल्यांत ती अजून राहते. अंगाने भरलेली, उजवा गुडघा दुखरा आणि वेळेची इतकी पक्की की शेजारी तिच्या दाराच्या कडीच्या आवाजावर घड्याळ लावायचे. उशीर करणारा माणूस तिला खोटं बोलणाऱ्या माणसासारखाच वाटायचा.

मला मूलबाळ नाही. भावाचं लग्न चाळिशीत झालं. त्याला मुलगी झाली तेव्हा ताई अठ्ठावन्न वर्षांची होती आणि पहिल्यांदा आत्या झाली होती. हळदीकुंकू, डोहाळजेवण, असल्या प्रत्येक ठिकाणी तिला प्रेमाने बोलवायचे आणि मागच्या रांगेत बसवायचे. बारसं मात्र आत्याशिवाय होत नाही. बाळाच्या कानात नाव आत्या सांगते, मग बायका कुर्र्र करून तिच्या पाठीत धपाटे घालतात. भावाने आणि भावजयीने ताईला सांगून टाकलेलं, "नाव तूच ठरव. आम्हालाही तेव्हाच कळू दे." ताईने ठरवलंही. पण कुणाला सांगितलं नाही. मी फोनवर खूप खोदून पाहिलं.

"पहिलं अक्षर तरी सांग."

"गप रे. आधी तिच्या कानात, मग तुमच्या."

बारसं भावजयीच्या माहेरी, खडवलीला. मुहूर्त सव्वाअकराचा. बायको आदल्या दिवशीच मदतीला गेलेली. मी सकाळी ताईला घ्यायला ठाण्याला गेलो, तर ती साडेसातलाच खाली उभी. मोरपंखी साडी, केसांत अबोली, शेजारी घुगऱ्यांचं भलंमोठं पातेलं. डिकीत जागा नाही, म्हणून पातेलं पुढच्या सीटवर ठेवलं. ठेवल्याबरोबर गाडी टुंग टुंग करायला लागली, म्हणून पातेल्याला पट्टा बांधला. पातेलं बसावं म्हणून ती सीट पार मागे सरकवावी लागली, त्यामुळे ताई बरोबर माझ्या पाठीमागे बसली. आरशात मला दिसत होती ती पाळण्याच्या सजावटीची एक फुगलेली पिशवी.

ताई बसली तशी गाडी मागून जराशी खाली गेली. तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं.

"स्प्रिंगने नमस्कार केला बघ तुला."

ती हसली. पहिल्या विनोदाला ती नेहमी हसते. कळव्याच्या पुलावर मी एसी बंद केला.

"एसी का बंद केलास? घाम येतोय मला."

"ताई, दोन्ही गोष्टी नाही जमत तिला. एक तर थंड हवा, नाहीतर तू."

पूल उतरल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मी उतरून ढकलू का?" मी तोही विनोदच समजलो आणि मोठ्याने हसलो. त्यानंतर ती बोलायची थांबली. ताई रागावली की बोलत नाही, हे आम्ही दोघं भाऊ जन्मापासून ओळखून आहोत. मला वाटलं, शीळफाट्यापर्यंत उतरेल राग.

मुंब्रा बायपासचा चढ सुरू व्हायच्या अलीकडे पंपावर थांबलो. रिक्षांची रांग. ताई उतरली, गुडघा धरून बाजूला जाऊन उभी राहिली. माझा नंबर आला. मीटर मधेच अडखळला, तेव्हा मी पंपवाल्याशी हुज्जत घालायला लागलो. प्रेशर कमी आहे, पूर्ण भरत नाही, वगैरे. मागून रिक्षावाले ओरडत होते, "ओ काका, गाडी पुढे घ्या, दुपारपर्यंत इथेच थांबणार का?" मी चिडून आत बसलो, चावी फिरवली, तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि धप्पकन लागलं. माझ्या गाडीच्या दाराचा आवाज पत्र्याच्या डब्याच्या झाकणासारखा आहे, तो ऐकू न येणं शक्यच नाही. ताई बसली. मी निघालो.

ताई बसली नव्हती. ताईने फक्त पर्स आत ठेवली होती, कारण तिला पंपाच्या मागच्या बाथरूममध्ये जायचं होतं आणि पर्स ठेवायला तिथे खुंटी नसते. ती मला म्हणालीसुद्धा होती, "आलेच रे." पण मी तेव्हा प्रेशरवर व्याख्यान देत होतो.

आणि मग बायपास लागला.

हे लिहिताना माझे कान तापतात. पण तो चढ मी विसरू शकत नाही, कारण त्या गाडीत मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता, त्यानंतरही नाही. गाडी चढली. नुसती चढली नाही, धावली. एसी चालू, तिसरा गिअर आणि मी दोन ट्रक आणि एक टेम्पो मागे टाकला! खाली खाडी चमकत होती. आदल्याच आठवड्यात गॅरेजमध्ये प्लग बदलून घेतलेले. सगळं श्रेय मी त्या प्लगना दिलं आणि मागे न बघता ताईला सांगत सुटलो.

"बघितलंस? म्हणत होतो ना, इंजिन चांगलंय, प्लगच खराब होते. एसी चालू आहे हां, लक्षात घे. आता काढ माझ्या गाडीची अक्कल."

उत्तर नाही. रुसली आहे. मी आवाज मऊ केला.

"बरं, चुकलो. ते स्प्रिंगचं बोलायला नको होतं. पण बघ, तू बसलेली असतानाही कशी चढतेय! म्हणजे तुझ्या वजनाचा काही प्रश्नच नव्हता."

हे वाक्य मी रिकाम्या सीटला म्हणालो. आणि उताराला लागल्यावर पुन्हा एकदा म्हणालो, समजूत पुरती पटावी म्हणून.

शीळफाट्याला ट्रॅफिक तुंबलेलं. कंटेनरच्या मागे उभा राहिलो. तहान लागली, म्हणून मी हात मागे केला. "ताई, बाटली दे ना." हातात काही आलं नाही. हात हलवला. मग मान वळवली.

मागे पर्स बसलेली होती.

माणसाची अक्कल जाते म्हणजे किती जाते ते सांगतो. मी पहिला फोन ताईलाच लावला. तो मागच्या सीटवर वाजला. मी दचकून तो उचलायला हात लांब केला आणि स्वतःशीच बोलायच्या बेतात होतो.

शीळफाट्यावर गाडी वळवणं म्हणजे काय, ते तिथे अडकलेल्यालाच कळेल. कल्याणच्या बाजूला बरंच पुढे जाऊन वळलो, तोवर ठाण्याकडे जाणाऱ्या बाजूला कंटेनरची रांग लागलेली. सव्वानऊचे दहा झाले. ताईकडे फोन नाही, पैसे नाहीत. माझा नंबर तिला पाठ नाही. तिला पाठ आहे तो आमच्या जुन्या घरचा फोन, जो बंद होऊन जमाना झाला. गुडघा दुखरा, ऊन चढलेलं आणि पंपावर बायकांना बसायला जागा नसते.

त्या रांगेत असताना बायकोचा फोन आला.

"अहो, कुठे पोचलात? गुरुजी आलेत."

"निघालोय. येतोय."

"निघालोय म्हणजे? अजून ठाण्यातच?"

इथे मला खरं सांगता आलं असतं. तीन शब्द लागले असते, "ताईला विसरलो मी." पण समोर कंटेनर, पायात क्लच, कपाळावर घाम आणि पलीकडे भावाच्या सासुरवाडीच्या आवाजांची गर्दी. तोंडातून आपोआप निघालं, "अगं, ताईला जरा वेळ लागला. तयारी होईना तिची."

बायको म्हणाली, "ताईंना?" तिच्या त्या एका शब्दातच कळलं की असं कधी झालेलं नाही, हे तिलाही माहीत आहे.

पंपावर पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. हवा भरायच्या यंत्राशेजारी पालथ्या बादलीवर ताई बसली होती. साडीचा पदर डोक्यावर, हातात पंपवाल्याने दिलेल्या चहाचा रिकामा कागदी कप. अबोली सुकली होती. मी धावत गेलो, काहीतरी पुटपुटलो. ती उठली, कप कचऱ्याच्या डब्यात टाकला, स्वतः दार उघडून बसली.

"चल."

बायपासला गाडी पुन्हा रडली. एसी बंद, दुसरा गिअर, पाय तळापर्यंत. मगाशी मागे टाकलेल्यांसारखेच ट्रक आता एकेक करून आम्हाला ओलांडून जात होते. मग मागून आवाज आला.

"मी नव्हते तेव्हा कशी चढली रे?"

मी खोटं बोलू शकलो असतो. त्या दिवशी तो सराव चालूच होता. पण या एका प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं, आणि नेमकं इथेच द्यायला नको होतं.

"तिसऱ्यात."

"एसी?"

"चालू होता."

ती "हं" म्हणाली.

खडवलीला पोचलो तेव्हा बारा वाजून गेलेले. मांडवात बायका पाळण्यापासून उठून पानांकडे निघाल्या होत्या. मुहूर्त टळू नये म्हणून आमच्या चुलत बहिणीला पुढे केलेलं. तीही आत्याच. तिने कानात नाव सांगितलं होतं, धपाटे खाल्ले होते. भावाने घाईत फोनवर शोधून काढलेलं एक बरंसं नाव. भाऊ आमच्याकडे आला तेव्हा ताईकडे बघायला त्याची नजर वर होत नव्हती.

भावजयीची आई पुढे झाली. मनाने चांगली बाई, पण आवाज मोठा. "या गो बाय, या! आम्ही म्हटलं, आत्याबाईंना साडीच मिळेना की काय!" सगळ्या हसल्या.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगून ठेवलंय, ते तिला त्या क्षणी कळलं. मी पातेलं दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा होतो. मला वाटलं, आता ती बोलेल. तिने बोलावं असंही वाटलं, कारण मग मला बोलावं लागलं नसतं.

"हो ना," ताई म्हणाली, "मलाच उशीर झाला. चार साड्या बदलल्या."

आयुष्यात एकदाही उशिरा न पोचलेली बाई बारशाच्या मांडवात सगळ्यांसमोर असं म्हणाली, आणि मी घुगऱ्या कुठे ठेवू म्हणून विचारलं.

पुढे ते घरात रुळलं. कुठे निघायचं असलं की कुणीतरी म्हणतंच, "ताईंना तासभर आधीची वेळ सांगा, चार साड्या बदलायच्या असतात." सगळे हसतात. ताई हसते. मीही हसतो, आणि सगळ्यांत आधी हसतो. तिने ठरवलेलं नाव काय होतं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. भावाने एकदा विचारलं तर म्हणाली, "विसरले रे." ताई काही विसरत नाही.

फरक पडला तो एकच. त्यानंतर माझ्या गाडीतून ती पहिल्यांदा सीएनजी पंपावर उतरली तेव्हा तिने माझ्यासमोर हात पसरला. मला कळेना. मग कळलं. मी चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली. गॅस भरून झाल्यावर तिने ती परत दिली, मी गाडी पुढे घेतली, मग ती आत बसली. तेव्हापासून दर वेळी तेच. बरोबर कुणी असलं आणि कुणी विचारलं तर मी सांगतो, "पंपाचा नवीन नियम आहे. गाडीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाकडे चावी द्यायची." लोकांना पटतं. सीएनजी पंपाचा कुठलाही नियम लोकांना पटतो.

गेल्या महिन्यात पुतणीला आजोळी सोडायला निघालो होतो. ताई, मी आणि पुतणी. ती आता चार वर्षांची आहे आणि तिचे प्रश्न वकिली असतात. तोच पंप. ताईने हात पसरला, मी चावी दिली.

"काका, चावी आत्याला का दिली?"

"नियम आहे. मोठ्या माणसाकडे द्यायची."

तिने शेजारच्या रांगेतल्या गाडीकडे बोट केलं. "मग त्या काकांनी त्यांच्या आजीला का नाही दिली?"

त्या काकांची चावी त्यांच्याच बोटात फिरत होती. मी ताईकडे पाहिलं. ती लांब, हवा भरायच्या यंत्राकडे बघत होती. बादली अजून तिथेच होती, किंवा तसलीच दुसरी. ताई मला वाचवायला येणार नव्हती, हे त्या पाठमोऱ्या मानेवरून कळलं. खरं तर ती एकदा आली होती तेवढं पुष्कळ होतं.

"नियम नाहीये," मी म्हणालो. "मी एकदा आत्याला इथे विसरून गेलो होतो. तुझ्या बारशाच्या दिवशी. आत्याला उशीर झाला नव्हता. मी तिला सोडून गेलो, आणि सगळ्यांना सांगितलं तिलाच उशीर झाला."

पुतणीने ताईला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"एवढी मोठी आत्या कशी विसरलास?"

ताई हसली. चार वर्षांत या विषयावर मी तिला खरं हसताना पहिल्यांदा पाहिलं. पुतणीने लगेच पुढचा प्रश्न टाकला, "आईला सांगू?"

"सांग," ताई म्हणाली. "आजीलासुद्धा सांग. मोठ्या आवाजात."

मग ती गुडघा धरून वाकली, पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी म्हणाली. एकच शब्द असावा, तेवढाच वेळ लागला. पोरगी खांदे वर करून, गुदगुल्या झाल्यासारखी हसली.

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"आत्या म्हणाली, काकाला सांगायचं नाही."

ताई सरळ झाली, माझ्याजवळ आली, आणि पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. पंपवाला नळी धरून बघतच राहिला. बारशाचा धपाटा आत्याला मिळायचा असतो. हा चार वर्षं उशिरा चुकीच्या पाठीत पडला, आणि मला तो कमीच वाटला.

मागून हॉर्न सुरू झाले. गॅस भरून झाला होता. मी चावीसाठी हात पुढे केला, पण ताईने आधी पोरीला आत बसवलं, मग स्वतः बसली, दार ओढून घेतलं, ते नीट लागलंय का ते आतून ढकलून पाहिलं, आणि मग खिडकीतून चावी बाहेर धरली.

"एसी राहू दे," ती म्हणाली. "चढेल तशी चढेल."

बायपासला आम्हाला एका सिमेंटच्या ट्रकने ओलांडलं.